लाल ठिपक्याचा कप

आमच्या गावच्या मेडिकलवाल्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही, म्हणून ते काम मी करतो.

त्याच्या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला ओळीनं खिळे ठोकलेले आहेत, प्रत्येक वाडीचा एक. औषध आलं की त्याची कागदी पिशवी त्या वाडीच्या खिळ्याला अडकते, आणि डेअरीत दूध घालून परतणारा जो कुणी असेल तो सगळ्यांच्या पिशव्या वाडीवर नेतो. कुठली कुणाची ते कळावं म्हणून हा गृहस्थ पिशवीवर जाड स्केचपेननं नाव लिहितो, आणि नावाखाली दुखणं. बीपी. शुगर. गुडघे. मीही कित्येक वर्षं या पिशव्या वाहिल्या. गावात मूळव्याध कुणाकुणाला आहे ते मला पाठ आहे. मी कधी चकार शब्द काढला नाही.

मी लोणावळ्यात एका रिसॉर्टवर बुकिंग बघतो. मला पुरुष आवडतात. कधी देहूरोडला, कधी पुण्यात भेटीगाठी होतात. पुण्याच्या एका डॉक्टरनं न बिचकता सांगितलं, की एचआयव्ही होऊच नये म्हणून रोज घ्यायची गोळी असते, ती सुरू कर. तपासणी झाली, चिठ्ठी मिळाली, पण आमच्या बाजूला गोळी मिळेना. लोणावळ्यातल्या एका दुकानदारानं चिठ्ठी दोनदा वाचली, मला नखशिखांत न्याहाळलं आणि सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवला. तिथं म्हणाले, ही रोग असलेल्यांसाठी असते, तुम्हाला तर काहीच नाही. म्हणजे आधी रोग घेऊन या. मग दर महिन्याला रजा टाकून पुण्याला जायचं, असं वर्षभर चाललं. एका महिन्यात रजा मिळाली नाही. डबीत चार गोळ्या उरल्या, तेव्हा मी झक मारत गावच्या मेडिकलमध्ये गेलो.

"भाऊ, एवढं मागवून ठेवा. पण खिळ्याला लावू नका, मी सोता येतो न्यायला."

"तू काय बी काळजी करू नगं," तो म्हणाला.

काळजी त्यानंच केली नाही. तिसऱ्या दिवशी पिशवी खिळ्यावर होती. माझं नाव, आणि खाली ठसठशीत अक्षरात 'एड्स'. दूध घालायला आलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेल्यावर माझ्या चुलत्यानं ती घरी आणली आणि दोन बोटांत धरून आईसमोर ठेवली.

मी दुकानात जाऊन जाब विचारला. "सवयीनं लिवलं रं," तो म्हणाला. "आन खोटं काय लिवलं? डबीवरच छापलंय की."

दुसऱ्या दिवशी माझा चहा वेगळ्या कपात आला. कपाच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. ताटालाही तसाच. आई रडली नाही, ओरडली नाही, नुसता ठिपका लावून मोकळी झाली.

"आई, मला रोग नाही. होऊ नये म्हणून गोळी घेतो."

"रोग न्हाई तर गोळी कशाला? बाकीची पोरं कुटं घेत्यात?"

या प्रश्नाला एकच खरं उत्तर होतं. ते टाळून मी पुन्हा तपासणी करून निगेटिव्ह रिपोर्ट तिच्या हातात दिला. "कागद काय, कुनी बी छापून देतंय," ती म्हणाली. आठ महिने मी त्या कपातून चहा प्यालो. प्रत्येक घोटाला मेडिकलवाल्याचा उद्धार केला. त्याचं दुकान बसावं, तो सगळ्या गावासमोर तोंडावर पडावा, असं मला रोज वाटे, आणि असं वाटण्याची मला अजूनही लाज वाटत नाही.

मग तो आपल्या पायांनी आला. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन, सोबत अक्षता. ओट्यावर खुर्चीत बसला. आईनं चहा टाकला. "मी देतो," म्हणून मी आत गेलो आणि ठिपक्याचा कप भरून त्याच्या हातात दिला. त्यानं फुर्र करून शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. चहा झकास झालाय म्हणाला.

मी कप घेतला आणि त्याच्या नाकासमोर पालथा धरला.

"हा माझा कप, भाऊ. तुम्ही पिशवीवर लिहिलंत ना, तेव्हापासून वेगळा काढलाय."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मग हा माणूस, ज्याच्या दुकानात फार्मसीचं सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत लावलेलं आहे, अंगणातल्या पिंपाकडे धावला आणि खळाखळा चुळा भरू लागला. एक, दोन, पाच. शर्ट भिजला. मला इतका आनंद आयुष्यात फार कमी वेळा झाला आहे.

"भरा, पोटभर भरा," मी म्हणालो. माझा आवाज शेजारापर्यंत जात होता आणि मी तो जाऊ दिला. "मला रोग नाही. मी बायकांबरोबर नाही, पुरुषांबरोबर झोपतो, म्हणून तो होऊ नये यासाठी गोळी खातो. आता लिहा काय लिहायचं ते पिशवीवर."

तो पत्रिका ओट्यावरच टाकून निघून गेला. वळलो तर आई दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. पिंपाशी सांडलेल्या पाण्याकडे तिनं एकदा बघितलं. मग माझ्या हातातला कप घेऊन आत गेली. भांड्यात थोडा चहा उरला होता. तिनं कप विसळला, तो चहा त्यातच ओतला आणि चुलीपाशी बसून पिऊ लागली.

राहू दे आई, असं म्हणायला मला एक क्षण पुरला असता. मी म्हणालो नाही. स्कूटरच्या डिकीत लपवलेली गोळ्यांची डबी आणून मी तिच्यासमोर, साखरेच्या डब्याशेजारी ठेवली, आणि तिचा चहा संपेपर्यंत तिथंच उभा राहिलो.