जखम भरली, असं मी लिहिलं

एम.डी. करताना थीसिस लिहावीच लागते. ती मंजूर झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. माझा विषय होता डायबिटीसवाल्यांच्या पायाच्या जखमा; पायाची जाणीवच जाते, म्हणून त्या दुखतही नाहीत. पेशंट घरी गेल्यावर तीन महिन्यांनी त्याला फोन करायचा, बोलवायचं, पाय स्वतः बघायचा आणि फॉर्म भरायचा. बस, एवढंच काम. तेही मी धड केलं नाही.

त्यातल्या एक काकू स्नेहलतागंजच्या. सासरे महूला पलटणीत होते, मुलगा बँकेत. इकडे हिंदी मुलखात मी मराठी आहे कळल्यावर कोण आनंद! "अरे, तू तर आपलाच निकला!" मग माझी थीसिस म्हणजे जणू त्यांच्या घरचं कार्य. शेजारच्या खाटांवर सांगायच्या, "हा माझ्या पायावर पुस्तक लिहितोय." सुट्टी झाली तेव्हा तळव्याची जखम भरत आली होती. मी म्हटलं, "काकू, उगाच चकरा मारू नका. मी फोन करीन, तेव्हा या."

केला नाही. वॉर्डातली ड्यूटी, गाईडचा तगादा, शेवटची तारीख डोक्यावर. सीनियर म्हणाला, "भिया, सब ऐसे ही करते हैं. बस पेन बदलते रहना." मग काय, भंवरकुआंच्या खोलीवर एका दुपारी उरलेले सगळे फॉर्म भरून टाकले. कधी निळं पेन, कधी काळं, दोन-चार कागदांवर चहाच्या कपाचे डागसुद्धा पाडले. कागदी घोडे नाचवण्यात आपण हुशार! काकूंच्या फॉर्मवर लिहिलं, जखम पूर्ण भरली. त्यांचा नंबर त्याच कागदावर होता हो! दोन मिनिटं लागली असती.

थीसिस मंजूर झाली. त्यानंतर काही आठवड्यांनी मुलगा काकूंना व्हीलचेअरवर घेऊन आला. पट्टी सोडायच्या आधीच वास आला. अंगठा काळा पडलेला, सूज घोट्याच्या वर.

"इतके दिवस घरी काय करत होतात?" मी चक्क ओरडलो त्यांच्यावर. मी!

"दुखत नव्हतं ना रे," काकू म्हणाल्या. "आणि तुझा फोन येणार होता. नाही आला, तेव्हा म्हटलं, काळजीचं काही नसेल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच खरं सांगायला हवं होतं. जनाची नाही, निदान मनाची तरी! पण मी म्हटलं, "बघू, काकू."

पाय गुडघ्याखालून कापावा लागला. सर्जनच्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी मलाच विचारलं, "करू ना रे?" मी मान डोलावली. त्या आठवड्यात गाईडला सगळं सांगायचं म्हणून दोनदा त्यांच्या तुकोगंजच्या क्लिनिकपर्यंत गेलो. दोन्ही वेळा बाहेरच्या टपरीवर चहा पिऊन परत आलो.

घरी जायच्या दिवशी काकूंनी विचारलं, "आणि तुझ्या थीसिसचं काय झालं?"

"पास झाली."

त्यांनी माझा हात धरला. "चला! माझ्या पायाचा तुला उपयोग तरी झाला." अगदी मनापासून म्हणाल्या.

मी "हो, काकू" म्हटलं. त्यांना अजूनही तेवढंच माहीत आहे.