चिनी कविता आणि मागचा व्हरांडा

दुसरीच्या मुलांना चिनी कविता शिकवली म्हणून मला 'कारणे दाखवा' नोटीस मिळाली होती. ती अजून माझ्या कपाटात आहे, लग्नाच्या शालूखाली. घरचे म्हणतात, टाक की आता ते रद्दीत. का टाकू? मी ती कमावलेली आहे. फक्त तिच्यात लिहिलेलं कारण खोटं आहे. खरं कारण कवितेचं नव्हतं, बोंबलाचं होतं.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. अंधेरीच्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी दुसरीला शिकवत होते. वर्गात पंचेचाळीस पोरं. बरीचशी कोकणातल्या घरांतली, बाप गिरणीतून सुटलेला आणि साकीनाक्याच्या कुठल्यातरी वर्कशॉपला लागलेला, असली. चारजण समुद्राकडच्या कोळीवाड्यातून यायची. मधल्या सुट्टीत सगळी वर्गातच डबे खायची. आधी हात जोडून श्लोक, मग डबा.

आमच्या शाळेत डब्यात मासे आणायचे नाहीत, असा नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता हं. संस्थेच्या चिटणीसांना वास सहन होत नाही, एवढ्यावर तो चालू होता. कुणी आणलेच तर त्या पोराने श्लोकाआधीच डबा उचलायचा आणि मागच्या व्हरांड्यात, नळाजवळ बसून खायचं. पोरांना तिथे पाठवणार कोण, तर वर्गाच्या बाई. म्हणजे मी. मी मालवणची, रविवारी बांगडा नसेल तर घरात तोंड फुगवून बसणारी. पण शाळेच्या डब्यात माझी रोज बटाट्याची भाजी. आणि कोळीवाड्यातल्या पोरांना मी नुसतं बोट दाखवायचे, व्हरांड्याकडे. तीन वर्षं दाखवलं. त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

आता चिनी कविता कुठून आली ते सांगते. माझी दाढ ठणकायला लागली म्हणून मी स्टेशनजवळच्या चिनी दातवाल्याकडे गेले. त्या काळी मुंबईत असे बरेच होते, हात हलका आणि बोलणं कमी. त्याच्या दवाखान्यात भिंतीवर एक लांबट कागद टांगलेला होता, त्यावर काळ्या शाईत चार ओळी, ओळीला पाच अक्षरं. माझं तोंड भूल देऊन बधिर झालेलं, दुसरं काही करता येईना, म्हणून मी खुणेनेच विचारलं, हे काय? तो म्हणाला, फार जुनी कविता आहे, आमच्याकडे बालवाडीतलं पोर पण म्हणतं. भर दुपारी शेत निंदणारा माणूस आणि आपल्या पुढ्यातला भात, एवढाच तिच्यातला ऐवज. त्याची आई त्याला जेवायच्या आधी ती म्हणायला लावायची आणि जेवून झालं की वाटी उलटी करून दाखवायला लावायची. एक शीत चिकटलेलं दिसलं की पुन्हा खायला बसवायची. "मैं तो माझगाव में पैदा हुआ," तो म्हणाला, "चाइना देखा नहीं. लेकिन वो चार लाइन आज भी खाने के टाइम मुँह में आता है."

मला तेव्हा आमच्या वर्गातली कचऱ्याची बादली आठवली. रोज अर्धी पोळ्यांनी भरायची. अर्धी पोळी खाल्ली, अर्धी बादलीत, आणि पोरं बाहेर लंगडी खेळायला. मी ओरडून ओरडून दमले होते. म्हटलं, बघू या हे. दाढ काढून झाल्यावर मी त्याला ती कविता चारदा म्हणायला लावली आणि औषधाच्या चिठ्ठीच्या मागे देवनागरीत उतरवून घेतली. माझे उच्चार ऐकून त्याला इतकं हसू आलं की त्याला चिमटा खाली ठेवावा लागला.

पोरांना ती कविता जाम आवडली. आधी मी अर्थ सांगितला, मग मराठीत माझी मीच चार ओळी बांधल्या, मग चिनी. खुरप्याने निंदायचं, कपाळ पुसायचं, मूठ उघडून दाणा दाखवायचा, असे हातवारेही बसवले. आठवड्यात वर्गात बसलेली सगळी पोरं श्लोक झाला की चिनीत सुरू. आणि दातवाल्याच्या आईची पद्धतही मी लावली. डबा खाऊन झाला की शेजारच्याला उघडा डबा दाखवायचा. काही उरलं असेल तर शेजारच्याने फक्त एक शब्द म्हणायचा, "राहिलं." की ते खायचं, मगच उठायचं. पोरांना दुसऱ्याच्या चुका काढायला कोण आनंद, डोळ्यांत तेल घालून एकमेकांचे डबे तपासायची. बादली रिकामी जायला लागली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दारात उभं राहून कौतुकाने बघून गेल्या. मी चार दिवस हवेतच होते.

मग शाळेतल्या मावशींनी तक्रार आणली. मागच्या मोरीपाशी मांजरं जमतात, रोज कुणीतरी तिथे मासे टाकतंय. तळलेले, चांगले, अख्खे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी कविता शिकवून माझ्या नाकासमोर अन्न मोरीत जातंय? दुसऱ्या दिवशी सुट्टीची घंटा व्हायच्या आधी मी मागे जाऊन उभी राहिले.

कोळीवाड्यातली एक मुलगी आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, वर्गात सगळ्यात कमी बोलणारी. लघवीला जाते असं शेजारणीला सांगून डबा घेऊनच आली होती. तिने डबा उघडला, तांदळाच्या भाकरीवरचे दोन तळलेले बोंबील उचलले, मोरीत टाकले आणि बोटं नळाखाली चोळून चोळून धुतली. मी तिला दंडाला धरून वर्गात आणलं. सगळ्यांसमोर उभं केलं. काय वाटेल ते बोलले. आई पहाटे उठून करून देते, तुला काही किंमत आहे का, वगैरे. आणि वर फर्मावलं, म्हण ती कविता, म्हणून दाखव सगळ्यांना.

तिने म्हटली. चारही ओळी, हातवाऱ्यांसकट, अख्ख्या वर्गात तिच्याइतकी स्वच्छ कुणाला येत नव्हती. मी विचारलं, इतकी चांगली येते तर मग मासे का टाकलेस?

ती म्हणाली, "मासे टाकले की आत बसता येतं, बाई. व्हरांड्यात कविता नसते."

पोरीने माझ्या कवितेपायी अन्न टाकलं होतं. कविता वर्गात म्हणायची, आणि वर्गात बसायला तिचं जेवण चालत नव्हतं. मग तिने जेवणातलं जे चालत नव्हतं ते काढून टाकलं आणि उरलेली कोरडी भाकरी खाऊन शेजारणीला रिकामा डबा दाखवला. माझा नियम तिने तंतोतंत पाळला होता. इतर तिघं अजून व्हरांड्यातच खात होती आणि त्यांना मी ती कविता कधी म्हणायलाही लावली नव्हती. अन्नाचा मान शिकवायला निघालेली मी. कपाळ माझं.

संध्याकाळी मी मासळी बाजारात तिच्या आईकडे गेले. नवऱ्याच्या होडीवर आलेलं घेऊन ती तिथे बसायची. मी सगळं सांगितलं, माझं व्हरांड्याकडे दाखवलेलं बोटसुद्धा. ती ऐकत ऐकत कोयत्याने सुरमई कापत होती. शेवटी कोयता खाली ठेवला.

"माजी पोर नाय शिकली तरी चालंल," ती म्हणाली, "पण मासा मोरीत टाकायला नको शिकाय. सोमवारी तिला वर्गात बसून बोंबील खाऊ द्या. नायतर मंगळवारपासून ती हितं बसंल, माज्या बाजूला."

मी म्हटलं, सोमवारी ती वर्गातच खाईल. म्हटलं खरं, पण नोकरी तशी कायम झालेली नव्हती. आणि त्या बाईने नुसती धमकी दिलेली नव्हती, तिच्या टोपलीशेजारी एक छोटा पाट आधीच पडलेला मी पाहिला होता. त्या पाटावर ती पोर बसली की पुन्हा शाळेत येणार नाही, हे मला कळत होतं.

शनिवारी मी मोठ्या बाईंना सांगून टाकलं, सोमवारपासून माझ्या वर्गातला कुणी व्हरांड्यात जाणार नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांचं माहेर हर्णैचं, त्यांना का मासे माहीत नव्हते? पण म्हणाल्या, तू माझी वाट लावशील, मला चिटणीसांना कळवावं लागेल. म्हटलं, कळवा.

सोमवारी सकाळी मी आईला सांगितलं, आज डब्यात बटाटा नको, कालचा बांगडा दे. तिने माझ्याकडे एकदा निरखून पाहिलं. "बरा केलंस," म्हणाली, आणि डोक्याकडची तुकडी काढून ठेवली.

सुट्टी झाली आणि चिटणीस खरंच आले. पांढरा सदरा, हातात रुमाल, मागे मोठ्या बाई. माझी पोरं उभी राहिली, श्लोक झाला आणि लगेच चिनी सुरू. कोळीवाड्यातली चारही जण आत होती, त्या मुलीचं बघून इतर तिघंही हातवारे करत होती. चिटणीसांनी मला विचारलं, ही कुठली भाषा? मी सांगितलं. ते म्हणाले, बासष्ट साल विसरलात का बाई? मी म्हटलं, नाही विसरले, पण ह्या कवितेतला माणूस शेत निंदतोय, बंदूक नाही धरलेली त्याने. तेवढ्यात डबे उघडले आणि बोंबलाचा वास सुटला. रुमाल नाकाला गेला. मग ते कशासाठी आले होते ते बोलले. "ही मुलगी बाहेर बसेल," त्यांनी बोट दाखवलं. तेच बोट, जे मी तीन वर्षं दाखवलं होतं.

ती डबा उचलून उठायलाच लागली होती. सवय ना. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि तिच्या शेजारी, पोरांच्या त्या बुटक्या बाकावर, स्वतः बसले. माझा डबा उघडला.

"माझ्याही डब्यात मासा आहे, साहेब," मी म्हटलं. "ही बाहेर गेली तर मीही बाहेर. आणि मी गेले तर वर्गही माझ्याबरोबर येईल."

पोरं ती पोरंच. एकाने लगेच सांगून टाकलं, आमच्याकडे पण मासे करतात, पण आई डब्यात देत नाही. दुसरा म्हणाला, आमच्याकडे पण. मग अख्खा वर्ग कुणाच्या घरी काय काय करतात ते सांगायला लागला, कोलंबी, तिसऱ्या, सुकट. चिटणीसांनी वळून मोठ्या बाईंकडे पाहिलं, तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. आभार मानावेत इतक्या मन लावून बघत होत्या. तुम्हाला लेखी कळवलं जाईल, असं म्हणून चिटणीस दारापर्यंत गेले आणि तिथे मोठ्या बाईंशी हळू आवाजात बोलत थांबले.

लेखी आलं ते पुढच्या आठवड्यात. माशांचा नियम कागदावर नव्हताच, आणि तो कागदावर आणायची हिंमत त्यांना होईना, म्हणून अभ्यासक्रमाबाहेरची, शत्रुराष्ट्राची कविता शिकवल्याबद्दल कारणे दाखवा. उत्तरात मी त्या चार ओळी देवनागरीत लिहून पाठवल्या, खाली सही. पुढच्या वर्षी मला सकाळच्या पाळीत टाकलं, माझं कायम होणं दोन वर्षं लांबवलं. लांबवू देत. ती मुलगी चौथीपर्यंत शाळेत टिकली आणि व्हरांड्यात नळाजवळ नंतर कुणी जेवलं नाही.

पण त्या सोमवारचं शेवटचं सांगायचं राहिलं. चिटणीस दाराशी बोलत होते आणि माझं निम्मं लक्ष तिकडेच होतं. कसाबसा बांगडा संपवला आणि झाकण लावायला घेतलं. पद्धतीप्रमाणे माझ्या शेजारणीने डब्यात डोकावून पाहिलं.

"राहिलं," ती म्हणाली. सबंध वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, पहिल्यांदाच. "बाई, डोकं राहिलं."

चिटणीसांनी वळून पाहिलं. मी झाकण बाजूला ठेवलं, बांगड्याचं डोकं उचललं आणि त्यांच्यासमोर, सावकाश, शेवटचा काटा निघेपर्यंत चोखून खाल्लं. मग रिकामा डबा तिच्यापुढे उलटा करून दाखवला. तिने नीट तपासला, मान डोलावली आणि आपला बोंबील खायला घेतला.