दावणीला बांधलेली पाटी

सन दोन हजार बावीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघाली नाही — बायकोपुढं नाही, पोरापुढं नाही. आता तुमच्यापुढं काढतो.

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात कुणाला बैल घ्यायचा असला की लोक मला सोबत नेत. मी दात पाहायचो, खूर पाहायचो, थोडं चालवून बघायचो. 'बांधा' म्हणालो की बांधायचा. एकदा दावणीला बांधलेलं जनावर मी उभ्या जन्मात परत नेलं नाही. परत नेलं म्हणजे पारख चुकली. मग माझ्यात राहिलं काय?

आणि शीतल — माझी नात. मोबाईलवर बोटानं चित्रं काढायची. अशी की काढलेली गाय आता हंबरेल. तिला मोबाईलवरच चित्रांच्या एका शिकवणीत जागा मिळाली होती. पण त्यासाठी पाटी पाहिजे. काळी, सपाट, तिच्यावर पेन फिरवला की चित्र मोबाईलात उमटतं. पाटी नसली तर जागा दुसऱ्याला.

आम्ही दोघं हिंगोलीला गेलो. मोबाईलच्या दुकानदारानं दोन पाट्या पुढं ठेवल्या. शीतलनं लहान उचलली. मी दोन्ही हातात तोलून पाहिल्या. मोठी कशी अंगानं भरलेली! लहान म्हणजे बरगड्या निघालेलं गोऱ्हं.

"आबा, मोठी मोबाईलला चालत न्हाई. तिला कॉम्प्युटर लागतो."

"काका, पोरगी बराबर सांगून राहिली," दुकानदार म्हणाला.

दुकानात आमच्या गावची दोन माणसं उभी होती. त्यांच्यासमोर नातीनं मला शिकवायचं?

"तुझा बाप जन्मला नव्हता तवापासून पारखून राहिलो मी," मी म्हणालो. "मोठीच बांधा!"

दुकानदार हसला. "न्या काका. न्हाई जमलं तर आणा, बदलून देतो."

जमलं नाही. शीतलनं वायर लावली, पेन फिरवला — मोबाईल कोरा. तिनं पाटी परत खोक्यात घातली. मी म्हणालो, बदलून आणतो.

खोकं घेऊन एकटाच जीपमध्ये बसलो. हिंगोलीत उतरलो. दुकान समोर, उघडं. दुकानदार आत बसलेला दिसत होता. पाय उचलेना. कशाला भ्यालो? तो पुन्हा हसेल, एवढ्यालाच? समोरच्या हॉटेलात चहा घेतला. मग आणखी एक. खोकं मांडीवर. रस्ता काही ओलांडला नाही — आलेल्या वाटेनं परत फिरलो.

घरी सांगितलं, "घेत न्हाई म्हणतो. लबाड निघाला."

पोरगा भांडायला निघाला. मीच अडवलं. शीतल माझ्याकडं पाहत राहिली.

"आबा, ते तर बदलून देतो म्हणले होते ना?"

"म्हणायला काय जातं?"

पुढं तिची जागा गेली. शिकवणी गेली. तिनं त्या पाटीवर कागद ठेवून पेन्सिलीनं काढायला सुरुवात केली. पण ते नंतर. एवढ्यावर थांबलो असतो तर — नाही, थांबलो नाही.

हिंगोलीहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर बसलो होतो. शेजारच्या माणसाला पोरासाठी मोबाईल घ्यायचा होता. त्यानं त्याच दुकानाचं नाव काढलं. शीतल पलीकडं नळावर हंडा भरत होती. मी मोठ्यानं म्हणालो, "तिथं जाऊ नका. शब्दाचा खोटा माणूस हाय तो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी पारख कधी चुकत नाही, हे गावाला माहीत होतं.