खुर्चीमागचे वस्ताद

खिशात पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला हात हलवत परत पाठवणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्यांना वस्ताद म्हणायचे, कारण तालुक्यातले निम्मे दुरुस्तीवाले त्यांच्याच हाताखाली स्क्रू फिरवायला शिकले होते. गेम झकास चालावा म्हणून कुणी मोठं ग्राफिक्स कार्ड मागायला आलं, तर वस्ताद कार्ड दाखवायचेच नाहीत. म्हणायचे, "आधी तुझं मशीन आण. माझ्यासमोर खेळ. मी मागं बसतो."

आणि खरंच मागं बसायचे. प्लास्टिकचं स्टूल, मांडीवर शाळेतल्या पोरांची असते तसली वही, कानामागे पेन्सिल. पडद्याच्या कोपऱ्यात ते दोन आकडे लावून ठेवत. प्रोसेसर किती राबतोय त्याचा एक, कार्ड किती राबतंय त्याचा दुसरा. गेममध्ये कोण मेलं, कोण जिंकलं याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसे. "कोण दमलंय एवढंच बघायचं," ते सांगत. "कार्डाला धाप लागली आन प्रोसेसर निवांत, तर कार्ड बदल. कार्ड निवांत आन प्रोसेसरच्या तोंडाला फेस, तर नवं कार्ड घिऊन काय पूजा करतो का? एक बैल तगडा आन एक हडकुळा असला, तर नांगर हडकुळ्याच्याच चालीनं चालतो."

काटेवाडीचा एक ऊसवाला एकदा तावातावाने आला. महागातलं कार्ड घेऊन वर्ष झालं, तरी त्याचा गेम बैलगाडीसारखा चालायचा. आता त्याहून महागडं हवं होतं. त्या दिवशी वस्ताद त्याच्याच मोटारसायकलवर बसून काटेवाडीला गेले. पाहतात तर पडद्याची वायर कार्डात नाही, मशीनच्या मूळच्या भोकात खोचलेली. कार्ड वर्षभर आत नुसतं बसून होतं. वस्तादांनी वायर काढली, दोन बोटं खाली लावली आणि ताक पिऊन परत आले. "म्हशीला चारा घालत हुता आन धार रेड्याची काढत हुता," एवढंच बोलले. मी असतो तर त्याला नवं कार्ड विकलं असतं आणि मग वायर बदलली असती. मी तसं बोललोही. वस्ताद हसले. "म्हणून तू व्यापारी हायस. मी न्हाय."

व्यापारी हे नाव त्यांनीच मला दिलं. मी मोरगावचा. घरच्या शेळ्या बाजारात नेता नेता भाव करायला शिकलो. नंतर मोबाईलची कव्हरं विकली, मग जुने मोबाईल. वशिला कुणाचा नव्हता, जे झालो ते या जिभेवर. वस्तादांकडे पहिलं मशीन घ्यायला गेलो, तेव्हा दोन तास भाव केला. दोनदा रागानं दुकानातून उतरलो आणि दोनदा परत आलो. ते चहा पीत बसले होते. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा म्हणाले, "बस खाली. शेळी घेताना काय बघतोस?"

"दात. कास. खूर."

"रंग?"

"रंगाला कोण विचारतंय?"

"मग हितं मगापास्नं लाल लाईटवाला डबा दे, लाल लाईटवाला डबा दे, असं का बोंबलतोयस?"

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. जगात मी सगळ्यांशी भाव करतो. केळीवाल्याशी करतो, डॉक्टरशी करतो, लग्नात भटजींशीसुद्धा केला होता. वस्तादांशी पुन्हा कधी केला नाही.

इंदापुरात मी गेमिंगचं दुकान टाकलं, दहा मशीनचं. तासावर खेळायला द्यायचं. सगळी मशीनं वस्तादांनी लावली. वायरी ते सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधत. प्लास्टिकची पट्टी एकदा आवळली की कापावी लागते, ट्यूब सोडता येते, हे त्यांचं म्हणणं. एकदा मी त्यांना न विचारता पुण्याहून चार प्रोसेसर आणले. असला भाव पाडला होता की दुकानदार पाठमोरा झाल्यावरही शिव्या देत होता. बारामतीत उतरून ऐटीत वस्तादांपुढे ठेवले. त्यांनी एक उलटा केला, खालच्या पिना पाहिल्या आणि म्हणाले, "घोडा स्वस्तात आणलास व्यापारी, पर आपल्याकडं खोगीर उंटाचं हाय." एकही आमच्या बोर्डात बसणारा नव्हता. भावाच्या नादात खोबण कुठली हे विचारायचंच मी विसरलो होतो. गल्लीत त्यांनी हे कधीच कुणाला सांगितलं नाही. ती माया मी मोजून ठेवलेली आहे, म्हणून पुढचं जास्त लागलं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये समोरच्या बाजूला, रस्ता ओलांडला की, एका गाळ्यात रंगकाम सुरू झालं. गेमिंगचंच दुकान येतंय असं कळलं. मालक कुणीतरी बाहेरचा होता. माझं वर्ष चालतं ते एप्रिल-मेच्या सुट्टीवर. त्या दोन महिन्यांत गिऱ्हाईक गेलं की पुढे दुकान कशावर चालवायचं? माझी मशीनं चार वर्षांची झाली होती. दहाही मशीनमध्ये एकच काहीतरी बदलता येईल एवढीच ऐपत होती. कार्ड बदलायचं, प्रोसेसर बदलायचा, का नुसती मेमरी वाढवायची? चुकलो असतो तर दुसरी संधी नव्हती. मी वस्तादांना फोन केला.

ते आले आणि दोन दिवस राहिले. एकेका खेळणाऱ्याच्या मागे स्टूल टाकून बसले. भिगवणचा एक मासळीवाला होता, तिशीतला. सकाळी बर्फातली मासळी पोचवायची आणि दुपारी माझ्याकडे येऊन बंदूक चालवायची, हा त्याचा नेम. आम्ही त्याला बर्फवाला म्हणायचो. डावखुरा होता, माउस ओढून डावीकडे घ्यायचा आणि वायर पुरेना म्हणून रोज चिडायचा. वस्तादांनी त्याला विचारलं, "तुला नेमकं कुठं अडकतं रं?"

"धुराचा बॉम्ब फुटला की, वस्ताद. धूर निघाला की चित्र थांबतं. परत चालू होईस्तोवर मी मेलेला असतो."

वस्तादांनी वहीत लिहून घेतलं. सगळ्यांचं लिहून घेतलं, कोण काय खेळतो, कुठे अडकतो, कुणाला कसली खुर्ची लागते. निघताना मी विचारलं, "मग काय बदलू?"

"काय बदलू नगंस," ते म्हणाले. "उन्हाळा जाऊ दे. पावसाळ्यात नवा माल येतोय, जुन्याचे भाव पडतील. तवा घे."

भाव पडतील म्हटल्यावर मी विरघळणार हे त्यांना ठाऊक होतं. साधी बादली घेताना तीन दुकानं फिरणारा मी, त्या दिवशी तिसऱ्या माणसाला सोडा, दुसऱ्यालाही विचारलं नाही. वस्तादांना एसटीत बसवलं आणि शांत झोपलो.

एप्रिलमध्ये समोरचं दुकान उघडलं. पंधरा दिवसांत माझ्याकडच्या चार खुर्च्या रिकाम्या, मग सहा. बर्फवाला रस्त्यात दिसला तेव्हा मी त्याला गाठलंच. "काय रे, आमचं काय दुखलं तुला?"

तो ओशाळला. "तसं न्हाय शेठ. पर तितं कितीबी धूर निघू द्या, अडकतच न्हाय. आन कोपऱ्यात एक मशीन हाय, त्याला माउस डाव्याच बाजूला. जणू माझ्यासाठीच लावलंय."

माझ्या डोक्यात तिथेच काहीतरी कडाडलं. डावखुऱ्यासाठी मशीन? नवीन दुकानवाल्याला स्वप्न पडलं का? मी तसाच रस्ता ओलांडून आत गेलो. कोपऱ्यातल्या त्या मशीनमागे वाकून पाहिलं. वायरी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेल्या होत्या.

गल्ल्यावरचा तरुण उठून हात जोडून पुढे आला. "या काका. ओळखलं न्हाय का? लग्नात भेटलोय आपण." मुंडावळ्यांमागचा चेहरा कुणाच्या लक्षात राहतो? मागचा पडदा सरकवून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि तिला मात्र मी लहानपणापासून ओळखत होतो. वस्तादांची मुलगी. तिच्या लग्नात मंडपवाल्याशी मीच भांडलो होतो, वस्तादांना भाव करता येत नाही म्हणून. मी पाणी न पिता बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बारामती गाठली. गल्लीतून चालताना जे बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं, दुकानात चढल्यावर एकच निघालं. "तुमीच लावून दिली ना ती मशीनं?"

वस्तादांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "व्हय."

"माझ्या दुकानात बसून, माझ्या गिऱ्हाइकाच्या मागं बसून लिहिलेल्या वहीवरनं?"

"व्हय."

"आन मला थांब म्हणालात, ते?"

ते म्हणाले, "जावयाची पुण्यातली नोकरी गेली. तू त्याच म्हैन्यात प्रोसेसर बदलले असतेस, तर त्याचं दुकान उभंच राह्यलं नसतं. पोरगी माघारी आली असती."

म्हणजे प्रोसेसर! मला काय हवं होतं ते त्या माणसाला मार्चमध्येच कळलेलं होतं. वहीत लिहिलेलं होतं. "मग मला तोंडावर सांगायचं!" मी ओरडलो. शेजारचा झेरॉक्सवाला दारात येऊन उभा राहिला.

"सांगितलं असतं तर तू भाव केला असतास," वस्ताद म्हणाले.

"केला असता! का करू नये? तुमची पोरगी हाय, माझी बी दोन लेकरं हायती. अर्धं तुमी सोडलं असतं, अर्धं मी. सौदा तोंडावर असतोय वस्ताद. दोघांनाबी ठाऊक असतंय की सौदा चाललाय. तुमी मला ठाऊकच हू दिलं न्हाय."

मला वाटत होतं की त्यांनी भांडावं, एखादी शिवी द्यावी, मग मला बरं वाटलं असतं. ते टेबलावरच्या स्क्रूंची वाटी उगाच इकडची तिकडे करत राहिले. मी खाली उतरलो. ते मागून "व्यापारी" म्हणाले. मी वळलो नाही.

लोक मला सांगतात, बापच तो, त्यानं दुसरं काय करायचं होतं? मलाही कळतं. मी बाप नाही का? पण सल्ला विचारायला आलेल्या माणसाला मुद्दाम चुकीचा सल्ला देणं आणि तोही त्याची हाव ओळखून देणं, याला मी काय म्हणू? बाजारात मला दहा जणांनी फसवलं आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्यासमोर मी सावध होतो, ते माझ्यापेक्षा हुशार निघाले, संपलं. वस्तादांसमोर मी सावध नव्हतो.

जूनमध्ये मी स्वतःच स्टूल टाकून एकेकाच्या मागे बसलो. दोन आकडे लावले. एका मशीनचा प्रोसेसर बदलला, दोन दिवस पाहिलं, मग दुसऱ्याचा. सगळं एकदम बदललं की कशानं बरं झालं ते कळत नाही, हेही त्यांचंच. खोबण तपासूनच माल घेतला. काही गिऱ्हाइकं परत आली. बर्फवाला आला नाही. आता रस्त्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला जावई, दोघांचंही अर्धं अर्धं चालतं. दोघेही बुडालो नाही, एवढंच.

वस्तादांची नजर अधू झाली आणि दिवाळीनंतर त्यांनी बारामतीचं दुकान बंद केलं. मुलीकडे इंदापुरात राहायला आले. सकाळी जावयाच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात. मी शटर वर करतो तेव्हा त्यांचा हात किंचित वर येतो. मी कुलपाकडे पाहतो.

मागच्या महिन्यात माझं एक मशीन बंद पडलं. पंखा फिरतो, पडदा काळा. मी दोन दिवस झगडलो. वीस पावलांवर असा माणूस बसलेला होता की नुसता कान लावून दोष सांगेल. मी ते मशीन पुण्याला पाठवायचं ठरवलं. सकाळी टेम्पोवाला बोलावला, मशीन फळकुटावर ठेवून दोरी आवळत होतो, तेवढ्यात चपलेचा आवाज आला. वस्ताद रस्ता ओलांडून आले होते. माझ्याकडे न पाहता त्यांनी डब्यावर तळहात ठेवला.

"कार्ड काढून घे आधी," ते म्हणाले. "वजनदार हाय. पाटसपतुर खड्डे हायती. हादऱ्यानं खोबण मोडंल, मग बोर्डच टाकून द्यावा लागंल."

मी दोरी आवळत राहिलो. ते थोडा वेळ उभे राहिले, मग हळूहळू परत गेले, मधे एका डंपरसाठी थांबले, आणि खुर्चीत जाऊन बसले.

टेम्पोवाल्याने विचारलं, "निघू का शेठ?"

समोर जावई त्यांना हाताला धरून आत नेत होता. ते आत जाईपर्यंत मी थांबलो. मग दोरी सोडली, डब्याचं झाकण उघडलं आणि कार्ड काढून घेतलं.