पत्रातलं भुयार

संप सुरू झाला तेव्हा बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि आम्ही दोघी बहिणी लालबागच्या चाळीत भुयारं काढत होतो. शेजारचे काका बोटीवर नोकरीला. त्यांनी कुठल्याशा बंदरातून एक इंग्रजी खेळाचं पुस्तक आणलं होतं. दोन फासे टाकायचे, पडेल त्या आकड्याप्रमाणे चौकटीच्या वहीत जमिनीखालची वाट काढायची, मग आपला तलवारवाला नाहीतर चोर घेऊन तिच्यात शिरायचं. आम्हाला अर्धं कळलं, अर्धं आम्ही ठोकून दिलं. सात पडले की खोली, चारला भिंत, दहाला जिना. बारा पडले की बाहेरचा दरवाजा, खेळ खलास.

सहा महिने झाले तरी गिरणी उघडेना. तेव्हा ताईला गावी मामाकडे पाठवलं. तेरा वर्षांची होती. फासे तिने नेले आणि आमचं ठरलं, ती तिकडे फासे टाकून आकडे कळवील, मी इकडे भुयार काढीन. बारा पडले की बाबांनी तिला परत आणायचं. बाबा हसून "बरं" म्हणाले होते. मला ते वचन वाटलं.

दर आठवड्याला कार्ड यायचं. वीस आकडे आणि खाली "म्हैस व्यायली" एवढीच बातमी. मी गॅलरीत बसून रेघा मारायचे. कागदाला कागद भाताने चिकटवत भुयार पार शेजारच्या दारापर्यंत गेलं, पण बारा काही येईनात. अशी चिडायचे मी! "मेले, हात आहेत का लाकडं? नीट टाक की!" असं लिहून पाठवायचे. वाटायचं, तिला तिकडे आंबे आहेत, दूध आहे, हिला यायचंच नाहीये. एकदा तर महिनाभर उत्तरच दिलं नाही. तिची कार्डं येत राहिली.

संप मिटला असं कुणी सांगितलं नाही आणि बाबांची गिरणी काही परत सुरू झाली नाही. ताईची शाळा सुटली, लग्नही गावातच झालं. पुढे कॉलेजात गणिताच्या तासाला मी सहज आकडेमोड केली. वर्षभरात हजार वेळा फासे टाकून एकदाही बारा नाहीत? शक्यच नाही!

त्या मे महिन्यात गावी गेले. ती बांगडे तळत होती. विचारलं, "ताई, बारा कधी पडलेच नाहीत तुला?"

"पडले की गो. पहिल्याच आठवड्यात. मग कितीदा तरी."

"मग लिहिलं का नाहीस?"

तिने बांगडा उलटला. "मामाला कुठे वाचता येतं? बाबांचं पत्र मीच वाचून दाखवलं त्याला. त्यात होतं, दोघींना पोसणं जमत नाही, धाकटी लहान आहे, मोठीला तिकडेच ठेव. मी बारा लिहिले असते तर तू बाबांच्या मागे लागली असतीस. त्यांना नाही म्हणावं लागलं असतं."

माझी मलाच इतकी लाज वाटली! त्या वर्षी मी घरात दोन वेळा जेवत होते, आणि जेवून उठून तिला शिव्या लिहीत होते.

"रडतेस काय, येडे," ताई म्हणाली. "बांगडा करपेल माझा. पान घे."