घाटाआधी सोडायचा नाडा

दसऱ्याची बासुंदी पोटात गेली की शहाण्या माणसाचेही डोळे मिटतात, तिथं वैजूची काय कथा! "दहा मिनिटं पडते गं, मग निघूच," असं आईला बजावून ती कॉटवर आडवी होते. आई म्हणते, "पड तू. मी तवर हेल्मेट घालायची सवय करते."

खिडकीखाली गाडी उभी आहे. गाडी कसली, साडेतीनशे किलोचं धूडच ते! सहा सिलिंडर, गरम होणारी सीट, मागं जायला रिव्हर्स. वैजूच्या वडिलांनी, आप्पांनी, जन्मभर कारखान्यात लेथ मशीन चालवलं आणि म्हातारपणी ही हौस केली. बायकोला मागं बसवून गगनबावड्याच्या घाटानं कोकणात न्यायचं म्हणून. गाडी दारात आली आणि महिन्याभरात आप्पाच गेले. काल खंडेनवमीला, ते मशीनची करायचे तशीच वैजूनं गाडीची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची माळ, लाल-पिवळा नाडा. आज ती आईला घाटातून नेणार आहे.

डोळा लागतो न लागतो, तोच खाली कुणीतरी खोकतं. तो खोकला ती हजारांत ओळखेल.

वैजू जिना उतरते. जिना अंगणात न जाता आप्पांच्या उद्यमनगरच्या कारखान्यात उतरतो. मशीनं सगळी गप्प, प्रत्येकाला माळ, प्रत्येकाला नाडा. मधोमध गाडी, आणि पुढच्या चाकाशी उकिडवे बसलेले आप्पा.

"आप्पा, तुम्ही तर गेलाय."

"ते ऱ्हाऊ दे. इकडं ये."

ती जात नाही. भीती वाटते तिला, सख्ख्या बापाची. आप्पा इंजिनावर तळवा ठेवतात.

"ही कंपनी आधी इमानाची इंजिनं करायची. वर आभाळात बंद पडलं तर कडंला घेऊन थांबता येतंय व्हय? ती धास्ती अजून त्यांच्या हातात हाय. चेन तुटंल म्हणून चेनच ठेवली न्हाई, शाफ्ट घातलाय. एवढ्या काळजीनं केलेली गाडी, आन् तू काय करून ठेवलंस?"

"काय केलं मी? आप्पा, आईला उशीर होतोय."

असं म्हणते तेव्हा ती गाडीवरच बसलेली असते. भिंती नाहीत. एका अंगाला कारवीची झाडी, दुसऱ्या अंगाला दरी. गाडी उताराला लागलीय आणि इंजिनाचा आवाजच येत नाही, फक्त पाठीला आईचा श्वास लागतोय.

"वैजे, हळू गं."

समोर वळण येतं. वैजू हँडल फिरवते. हँडल अर्ध्यात अडतं! ती जीव खाऊन ओढते, तरी हलत नाही. आई तिची कंबर घट्ट धरते.

आप्पा कठड्यावर बसलेले. "नाडा बांधलास, झ्याक केलंस. पर ब्रेकची नळी आन् हँडल एकातच आवळलंस. सरळ हाय तवर चालतंय. सुरू करायच्या आधी सोडायचा कुणी?"

"तुम्ही!" वैजू ओरडते. "दर दसऱ्याला मशीनचा नाडा तुम्हीच सोडायचात! मला कुठं सांगितलंत? काही न सांगताच गेलात!"

आणि ती रडते, पोटातून रडते. आप्पा खाली वाकतात, नखानं गाठ उकलायला लागतात. "कापायचा न्हाई, पोरी. सोडायचा."

"वैजे! दहा मिनिटं म्हणालीस आणि घोरायलीस की!" आई डोक्यावर हेल्मेट घालून समोर उभी.

वैजू अनवाणी खाली धावते. गाडी कालच्यासारखीच मधल्या स्टँडवर, जागची हललेली नाही. चाकाशी बसून ती ब्रेकच्या नळीला हात लावते. काल तिनं स्वतः नाड्याचे वेढे घातले होते तिथं. आता काही नाही. हँडल डावीकडं पूर्ण जातं, उजवीकडं पूर्ण जातं.

"आई, इथला नाडा तू सोडलास?"

"मी कशाला हात लावतेय त्या धुडाला?" म्हणत आई तिचा हात धरते, आणि अंगठा उजेडात वळवते.

वैजूच्या अंगठ्याला नाडा गुंडाळलेला आहे, घट्ट आणि तेलकट. दर दसऱ्याला मशीन सुरू करून आप्पा घरी यायचे ते असाच नाडा अंगठ्याला गुंडाळून, बायकोच्या हातात बांधायला.

आई जाकिटाची बाही वर सारते आणि मनगट पुढं करते.

"बांध," ती म्हणते. "आणि चल."