प्लेगने मेलो आणि नागपूरला गेलो

मारबत बघायला नागपूरला जायचं, हे मी प्लेगने मेलो त्या दिवशी ठरवलं. घाबरू नका, मरणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. दवाखान्याच्या मालिकांत लहानसहान कामं करतो, आणि चेहराच असा आहे की दिग्दर्शक मला बरा होऊ देत नाहीत.

हा भाग जरा थाटाचा होता. आजच्या काळातल्या एका मुलीला प्लेग होतो, डॉक्टर आधी भलतंच निदान करतात, मग नायकाला सुचतं आणि मुलगी हसत घरी जाते. मधे मधे जुना काळ: आढ्यावरून पडणारे रबरी उंदीर, गावाबाहेरची झोपडी, आणि तिच्यात काखेत गाठ आलेला मी.

आमच्याकडे मरणाचा शॉट झाला की नटाने कॅमेऱ्याकडे बघून हसायचं असतं, म्हणजे अपशकुन टळतो. ते झालं की मी लगेच नाशिकला आईला फोन लावायचो. "हस बघू," ती म्हणायची. मी हसायचो. "हे खोटं आहे, पुन्हा हस." मनासारखं हसणं ऐकू आल्यावरच ती स्वयंपाकाला लागायची. ती गेल्या हिवाळ्यात दवाखान्यातच वारली. प्लेगच्या शॉटनंतर मी सवयीने फोन काढला आणि लक्षात आलं, की मी मेलो तरी काळजी करणारं आता कोणी नाही. फार एकटं वाटलं.

आई नागपूरच्या महाल भागातली. प्लेगात तिच्या पणजीच्या घरचे दाराला कुलूप घालून शेतातल्या झोपड्यांत राहायला गेले होते, आणि सगळे परत आले नव्हते, हे तिनेच सांगितलेलं. मारबतीचंही तिनेच सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठाले पुतळे मिरवत नेऊन जाळायचे, आणि ते जाताना ओरडून सांगायचं, रोगराई घेऊन जा. एकदा नेते तुला, म्हणायची. ते राहून गेलं.

पोळ्याच्या सकाळी नागपूरला उतरलो. तुम्ही जाणार असाल तर तिकीट बरंच आधी काढा. मी वेटिंगवरून कसाबसा आत शिरलो. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. हरभऱ्याच्या त्या तर्रीने नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि पोट भरलं ते दोन चहांच्या पैशांत. रिक्षाचा भाव आधी ठरवून घ्या. महालातल्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, शेवटचं अंतर दुचाकींपासून अंग चोरत पायीच कापावं लागतं.

उतरलो कुसुममावशीकडे. ही आईची शाळेतली मैत्रीण, दोन खोल्यांत एकटी राहते. दार उघडून तिने माझ्या मागे पाहिलं, कोणी असल्यासारखं.

"तुई माय म्हणे, घेऊन येईन त्याले. एकटाच आला गा."

मग तिने टीव्ही लावला. "तुया एपिसोड रेकॉर्ड करून ठेवला आहे. पाह्यला नाही. एकटीनं कशी पाहू तुले मरताना? बस बाजूले."

पूर्ण भाग होईपर्यंत तिने माझं मनगट धरून ठेवलं. पडद्यावरचा मी पाणी मागत मेलो तेव्हा तिने ते नुसतं आवळलं. ती मुलगी बरी झाली तेव्हा मात्र भडकली.

"या पोरीले वाचवलं ना डॉक्टरनं? मंग तुले काहून नाही?"

"मी जुन्या काळातला होतो, मावशी. तेव्हा औषध निघालं नव्हतं."

तिने टीव्ही बंद केला. "तुया मायच्या वेळी तर सारं निघालं होतं."

तिने पुरणपोळी वाढली आणि आम्ही जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी लवकर निघून रस्त्याच्या कडेला जागा धरा, गाडी नेऊ नका आणि मोबाइल आतल्या खिशात ठेवा. ढोलांच्या गजरात पिवळी मारबत आली, दुकानांच्या पाट्यांहून उंच. कोणी ओरडत होतं, "खोकला घेऊन जा गे मारबत." माझ्या शेजारचा एक जण आपल्या ऑफिसातल्या साहेबाचं नाव घेऊन ओरडला आणि स्वतःच खूश झाला.

"भाऊ, तुम्ही काही बोलूनच नाही राहिले," तो मला म्हणाला.

काय बोलणार? माझ्या घरचा आजार माणूस घेऊनच गेला होता. तेवढ्यात माझ्यासोबत आलेल्या मावशीचा मागून बारीक आवाज आला.

"या पोराचं मरण घेऊन जा गे मारबत."

शेजारच्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच बाजूला सरकला.

निघताना मावशीने संत्रा बर्फी दिली. ती मुंबईत दोन दिवसांत संपली, आणि माझी खोली होती तशीच रिकामी आहे. गर्दी, तर्री, ढोल यांतलं बरंचसं विसरेन. गेल्या आठवड्यात मी पुन्हा मेलो, या वेळी काविळीने. कॅमेऱ्याकडे बघून हसलो, बाहेर आलो आणि मावशीला फोन लावला. आईचं आणि माझं फोनवर काय चालायचं हे तिला मी कधी सांगितलेलं नाही. तिने "कोण?" म्हटलं आणि मी नुसता हसलो.

"असं खोटं काहून हासून राहिला गा?" मावशी म्हणाली.

मी पुन्हा हसलो, आणि या वेळी तिने हरकत घेतली नाही.